बायकांच्या नाताळाचा ओटा

माझगावच्या गोदीमागे आमची गल्ली आहे. गल्लीच्या तोंडाशी एक बुजवलेली विहीर आहे आणि तिला टेकून काळ्या दगडाचा लांब ओटा. एरवी त्यावर कोणीही बसतं, कुत्रीही झोपतात. पण सहा जानेवारीला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथे फक्त बायका बसतात आणि घराघरांत पुरुष रांधतात. करपल्या फोडणीचा धूर बघून बाहेरची माणसं विचारतात, आग लागली का. त्यांना ओट्यापाशी उभं करून ही हकिकत सांगायची पद्धत आहे. गेल्या वर्षापर्यंत ती माझी थोरली बहीण शेवंती सांगायची. श्रावणात ती गेली. म्हणून आता मी सांगतो. तिच्यासारखं जमणार नाही.

गोदीत वाफेच्या बोटी लागायच्या तेव्हाची गोष्ट. गल्लीत नोराबाई नावाची एक आयरिश विधवा राहायची. नवरा बोटीवर बॉयलरला होता. तो समुद्रात गेला आणि ही इथेच राहिली, खलाशांचे कपडे शिवत. तिच्या मुलखात नाताळ सरतो त्या दिवसाला म्हणे बायकांचा नाताळ म्हणतात. त्या दिवशी बाई चुलीला हात लावत नाही, घरातले पुरुष रांधतात आणि बायका एकमेकींकडे जाऊन निवांत बसतात. इथे नोराबाईसाठी रांधणारं कोणी नव्हतं. तरी तो दिवस आला की ती चूल पेटवायची नाही. धुतलेला झगा घालून ह्या ओट्यावर उपाशी बसायची. बायका थट्टा करायच्या, "नोराबाई, सण करता की उपास?" ती म्हणायची, "सणच आहे. जेवण यायला थोडा उशीर झालाय."

समोरच तानूआक्काची खाणावळ होती. गोदीतले हमाल तिच्याकडे जेवायचे. तिचा धाकटा भाऊ भिवा त्यांतलाच एक. आईबाप गेल्यावर आक्कानेच त्याला वाढवला होता. एका थंडीत आक्काला ताप भरला आणि तो उतरेना. तरी ती रोज उठून भाकऱ्या थापायची. वैद्याने भिवाला बाजूला घेऊन सांगितलं, "औषध राहू दे, आधी हिला निजव. अशीच उठत राहिली तर हातची जाईल."

भिवा घाबरला. घाबरलेला माणूस देवळात जातो. तोही गेला आणि गावदेवीपुढे नारळ ठेवून नवस बोलला, आक्का वाचली तर सगळ्या गल्लीला पुरणपोळीचं जेवण घालीन. घरी येऊन त्याने तो आक्काला सांगितला. तिला धीर येईल असं त्याला वाटलं. आक्काने सगळं ऐकून घेतलं. देवीचं देणं ठेवू नये, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, डाळ शिजवली आणि पुरण वाटता वाटता पाट्यावरच कोसळली, असं सांगतात.

भिवा बोंबलत बाहेर पळाला. नोराबाई ओट्यावर होती. तो तिचा सणाचा दिवस होता. आत येऊन तिने पाटा पाहिला, पुरण पाहिलं.

"नवस कोण बोललं?"

"मी."

"आणि फेडत होतं कोण?"



नोराबाईने त्याला आक्काला गोधडीत गुंडाळून उचलायला लावलं आणि ओट्यावर उन्हात निजवलं. डोकं मांडीवर घेतलं आणि आक्काचा पदर आपल्या झग्याला गाठ मारून बांधला, तिने उठू नये म्हणून. आक्का पुटपुटली, "चूल..."

"चूल भावाकडे आहे."

"त्याला येत नाही, बाई."

"त्याला येत नाही म्हणून तू मरणार?"

"हमाल उपाशी राहतील."

"मी दरवर्षी राहते. अजून मेले नाही."

भिवाने चूल पेटवली. भाकऱ्या एका बाजूने जळल्या, दुसऱ्या बाजूने कच्च्या राहिल्या. आमटी उकळली तेव्हा मिठाचं मडकं सापडेना. तो दारात आला आणि सवयीने हाक मारली, "आक्का, मीठ कुठे..." तेवढ्यावर ग्लानीतली आक्का कूस बदलून उठायला हात टेकू लागली. नोराबाईने भिवाकडे नुसतं पाहिलं. तो ओठ चावून आत गेला.

आमटी अळणीच वाढली गेली. भातात खडा लागला तर ताट भिरकावणारे हमाल त्या दिवशी अवाक्षर न काढता जेवले. बाहेर बोलणंसुद्धा कुजबुजत. पहिलं ताट भिवाने ओट्यावर नोराबाईला नेऊन दिलं. इतक्या वर्षांनी तिचं जेवण आलं. उन्हं कलली तेव्हा आक्काच्या कपाळावर घाम फुटला. नोराबाई हात लावून म्हणाली, "उतरला." भिवा मातीतच बसला, तोंडाला राख लागलेली, आणि हसायला लागला. त्याला थांबताच येईना म्हणे.

पुढे नवसाच्या पोळ्याही पुरुषांनीच केल्या. पोळ्या कसल्या, उशा होत्या, असं आक्का म्हातारपणी सांगायची. म्हणजे म्हातारी होईपर्यंत जगली.

आजही सहा जानेवारीला आमच्या गल्लीत कुठला पुरुष घरातली वस्तू कुठे आहे ते विचारत नाही. सापडली तर घालतो, नाहीतर तसंच. आमटी मात्र अळणीच करायची. मिठाची बरणी आता सगळ्यांना ठाऊक आहे, तरी कोणी हात लावत नाही. आणि जिच्या घरी रांधणारं कोणी नाही, तिच्याकडे पहिलं ताट जातं.

ह्या वर्षी आमच्या घरातून ओट्यावर बसायला कोणी नव्हतं. मी रांधलं आणि ताट ओट्यावर बसलेल्या फिलूमावशीकडे नेलं. तिचा मुलगा कुवेतला असतो. तिने तोंड वाकडं करत सगळं संपवलं, मग बाजूला सरकून दगडावर हात आपटला. म्हणाली, "बस रे इथे."

त्या दिवशी पुरुषाने ओट्यावर बसायचं नसतं. मी बायकांकडे पाहिलं. शेजारच्या बाईने पदर आवरून जागा केली. मी बसलो.