टिटवी ओरडली म्हणून

एका जंगलात भर उन्हाळ्यातही न आटणारा एक पाणवठा होता. त्याच्या काठच्या करंजाच्या झाडावर एक कावळा राहत असे. रोज सकाळी पाण्यावर जमलेल्या प्राण्यांना तो जंगलातली बातमी सांगे. या कामावर त्याला कोणी नेमले नव्हते. पण तो उंचावर बसे आणि मोठ्याने बोले, तेवढे पुरेसे होते. खाली काठावरच्या खड्यांमध्ये एका टिटवीने अंडी घातली होती. बिबट्याची चाहूल लागली की ती जीव तोडून ओरडे. प्राणी पळत, वाचत आणि वर तिलाच नावे ठेवत. "काय मेलीचा कर्कश आवाज! अभद्र कुठली!" आभार मानायचे मात्र कोणालाच सुचत नसे.

एका संध्याकाळी एक हरिणी आपल्या दोन पाडसांना घेऊन पाण्यावर आली. टिटवी ओरडली. हरिणी उसळून पळाली, तिच्या पाठोपाठ धाकटे पाडस पळाले. थोरले पाणी पिता पिता क्षणभर रेंगाळले आणि तेवढ्यात बिबट्याने त्याची मान धरली. कावळ्याने हे सारे फांदीवरून स्वच्छ पाहिले.

सकाळी हरिणी करंजाखाली येऊन उभी राहिली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "कावळेदादा, तुम्ही पाहिलंत ना? माझं लेकरू कशानं गेलं?"

सगळे प्राणी कान टवकारून उभे होते. कावळ्याने मनात म्हटले, ‘बिबट्याने मारले, यात नवे ते काय? ऐकतील आणि पाणी पिऊन चालू लागतील. शिवाय नाव घेतले म्हणून बिबट्या चिडला, तर त्याच्या शिकारीतले उष्टे मला मिळते, ते बंद व्हायचे.’ मग तो घसा साफ करून म्हणाला, "काल मरणाच्या आधी कोण ओरडलं, ते आठवा! ससा गेला तेव्हा कोण ओरडलं होतं? ही टिटवीच मरणाला हाका मारते!"

"अगदी खरं!" रानडुक्कर म्हणाले. "मी माझ्या कानांनी ऐकलंय." मुलांनो, बिबट्या कुठे होता, हे तिथे एकानेही विचारले नाही!

टिटवी कळवळून म्हणाली, "अहो, तुम्ही पळावं म्हणून मी ओरडते! हरिणीताई, तुमचं धाकटं वाचलं ना त्यामुळं?" पण दुःखाने हरिणीला काही ऐकू येत नव्हते. राग काढायला तिला कोणीतरी हवे होते आणि टिटवी समोर होती. तिने खूर उचलला आणि अंड्यांवर आपटला. मग बाकीचेही धावले. उरली फक्त टरफले आणि चिखल. टिटवी थोडा वेळ वर घिरट्या घालत राहिली, मग नदीपलीकडे गेली आणि परत आली नाही.

पाणवठा शांत झाला. सगळ्यांना फार बरे वाटले. "आता कशाचं भय?" असे म्हणत हरिणी धाकट्याला घेऊन पाण्यावर आली. बऱ्याच दिवसांनी ती मान खाली घालून पोटभर पाणी प्यायली. मान वर केली तेव्हा शेजारी पाडस नव्हते. ओल्या मातीत काहीतरी ओढत नेल्याची खूण होती. आवाज कसलाच झाला नव्हता.

दुसऱ्या सकाळी कावळा ओरडला, "ऐका हो ऐका! टिटवी जाताना शाप देऊन गेली!" प्राण्यांनी माना डोलावल्या. हरिणी मात्र फुटक्या टरफलांपाशी उभी होती.

"ती असती तर ओरडली असती," ती म्हणाली. "माझं लेकरू पळालं असतं. मीच तिला..."

"थांबा हो जरा," रानडुक्कर तिच्यावर खेकसले. "बातमी ऐकू द्या!"

तात्पर्य : धोक्याची हाक देणाऱ्यालाच खुनी ठरवले, की पुढचा घाव गुपचूप येतो. आणि ज्याच्या शब्दावर सारे विसंबतात, त्याने डोळ्यांनी पाहिलेले लपवले, तर सांडलेल्या रक्तात त्याचाही वाटा असतो.