खुर्चीची सेवा

"पण यात माझं चुकलं कुठं, अप्पा? तेवढं सांगा."

गुरुनाथ हत्तरगे तिसऱ्यांदा विचारत होते. अप्पा, म्हणजे मठाचे स्वामी, ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी दोन दाणे हत्तरग्यांच्या हातावर ठेवले आणि पुढची शेंग घेतली.

हत्तरगे मठाच्या शिक्षणसंस्थेचे कारभारी. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि उरलेला सगळा वेळ त्यांनी अप्पांच्या पायाशी आणून ठेवला. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, व्यवहाराला स्वच्छ. आणि आपण तसे आहोत हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"काय म्हणाली ती?" अप्पांनी विचारलं.

"तब्येत बरी नसते म्हणाली. आजचा दिवस काम करते, उद्यापासून येणार नाही."

ती म्हणजे सुमंगला तोडकर. संस्थेच्या ऑफिसात वसतिगृहाच्या प्रवेशाचं काम ती बघायची. पाय लहानपणीच गेलेले, चाकाच्या खुर्चीवर असायची. शिकलेली आणि कामाला चोख; पण जिथं जाईल तिथं "आमच्याकडे जिना आहे हो" एवढं ऐकून परत आलेली. मठानं तिला नोकरी दिली तेव्हा तिच्या आईनं रस्त्यातूनच कळसाला हात जोडले होते.

मठाचंही ऑफिस वरच्याच मजल्यावर होतं. पण हत्तरग्यांनी जिन्याचं कारण पुढं केलं नाही. त्यांनी सेवा सुरू केली.

रोज सकाळी चार सेवेकरी जिन्यापाशी उभे राहायचे. आधी खुर्चीला नमस्कार, मग शिवनाम, मग खुर्ची अलगद उचलून वर. संध्याकाळी तशीच खाली. बघता बघता पंचक्रोशीत नाव झालं. पेपरात फोटो आला. कुणी पोराच्या नोकरीसाठी, कुणी पोरीच्या लग्नासाठी खुर्ची उचलायचा नवस बोलू लागलं. सेवेला नंबर लागायला लागले. येत्या उत्सवात कोणत्या पाहुण्याला पहिल्या हाताचा मान द्यायचा, हेही ठरून गेलं होतं. हत्तरग्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

खुर्चीतल्या मुलीला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं काही आहे, असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"एक दिवस खाडा नाही, अप्पा," हत्तरगे म्हणाले. "भर उन्हाळ्यातसुद्धा माणसं हजर. तिला काय कमी केलं आम्ही? आणि पोर तरी कशी, व्रतस्थ. सकाळी आल्यापासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही. चहा पाठवला तर तसाच परत येतो. मागच्या सोमवारी प्रवचनात मी तिचंच उदाहरण दिलं. म्हटलं, निर्जळी बघायची तर आमच्या ऑफिसात येऊन बघा."

अप्पांचा हात थांबला.

"कसलं व्रत ते विचारलंस?"

"असं कुणाला विचारायचं नसतं ना, अप्पा."

"हं..."

"तुम्ही एक शब्द टाका. तुमचा शब्द ती खाली पडू देणार नाही."

"बघू," अप्पा म्हणाले. "उन्हातून आलास. आधी पाणी पी."

त्यांनी तांब्या पुढं केला. हत्तरगे प्यायले. अप्पांनी माठातून पुन्हा भरून दिला. गुरूच्या हातचं पाणी, नको कसं म्हणायचं? हत्तरगे तोही प्यायले. तिसऱ्या तांब्याला त्यांनी जरा का-कू केली.

"पी की."

तोही गेला.

उत्सव तोंडावर आला होता. सभामंडपात पालखी पुसून-पासून उंच घडवंचीवर ठेवली होती. तिचे चार मानकरी तिथंच चांदीच्या दांड्यांवर फडकं फिरवत होते. अप्पा काठी टेकत तिथवर गेले.

"आज तू बस," ते म्हणाले.

हत्तरग्यांना वाटलं, आपण काही भलतंच ऐकलं. त्या पालखीत अप्पांशिवाय कुणी बसल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"मी?"

"इतकी सेवा केलीस. बस की."

चौघांनी हत्तरग्यांना उचलून आत बसवलं. त्यांचे डोळे भरून आले.

"रीत ठाऊक आहे ना?" अप्पांनी विचारलं.

"हो. चौघांनी नमस्कार करून उतरवल्याशिवाय पाय जमिनीला लावायचा नाही."

"शाबास." अप्पा मानकऱ्यांकडे वळले. "पंगत बसलीय. जा, जेवून या सावकाश."

हत्तरगे पालखीत बसून राहिले. बातमी मठभर झाली. माणसं येऊन पाया पडू लागली. एका आजीनं त्यांच्या गळ्यात हार घातला. त्यांच्या हाताखाली शिकलेली दोन पोरं फोटो काढून गेली. हत्तरगे सगळ्यांना हात उंचावून आशीर्वाद देत होते. त्यांना ते छान जमतही होतं.

मग हळूहळू हात खाली आला.

"अप्पा... उतरू का आता?"

"रीत काय सांगितलीस मघाशी?"

समोर बायकांची रांग लागली होती. हत्तरग्यांनी मांडी बदलली. पुन्हा बदलली.

"अप्पा, जरा घाई आहे."

"कशाची?"

हत्तरग्यांनी गळ्यातला हार उगाच सारखा केला.

"भरल्या ताटावरून माणसं उठवायची, तर त्यांना कारण नको का सांगायला? सांग की मोठ्यानं."

हत्तरग्यांनी रांगेकडे पाहिलं. सगळे मान वर करून त्यांच्याकडेच बघत होते, डोळ्यांत भक्ती. ज्या माणसानं आयुष्यभर वर्गातल्या पोरांना एक बोट वर करून परवानगी मागायला लावली, त्याला आता ते बोटही वर करता येईना. कपाळावर घाम आला. आणखी एक हार गळ्यात पडला.

"काही नाही, अप्पा," ते म्हणाले.

"बरं..."

मानकरी सुपारी चघळत आले. त्यांनी रीतीप्रमाणे नमस्कार केला, रीतीप्रमाणे शिवनाम घेतलं. त्यातला थोरला जरा जास्तच भाविक होता, त्यानं दोनदा घेतलं. हत्तरग्यांनी डोळे गच्च मिटले होते. पाय जमिनीला लागले मात्र, ते गळ्यातल्या हारांसकट, अनवाणी, धोतराचा सोगा हातात धरून मागच्या अंगणाकडे पळत सुटले. सभामंडपातल्या रांगेला त्याचा अर्थ लागला नाही. एक-दोघांनी त्या दिशेलाही हात जोडले.

परत आले तेव्हा हार गळ्यात नव्हते. अप्पा पुन्हा ओसरीवर शेंगा सोलायला बसले होते. हत्तरगे खांबाला टेकले.

"ते व्रत नव्हतं, अप्पा."

अप्पांनी एक शेंग फोडली. आतला दाणा खवट निघाला, तो बाजूला टाकला.

"पालखीच्या आदल्या संध्याकाळपासून मी पाणी सोडतो," ते म्हणाले. "लोक म्हणतात, अप्पांचा उपवास. मीही कधी काही बोललो नाही."

"पण तुमचं वर्षातून एकदा..."

हत्तरगे जिना चढून वर गेले.

सुमंगला टेबल आवरत होती. राहिलेल्या अर्जांचे गठ्ठे करून तिनं त्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या, म्हणजे तिच्यामागून येणाऱ्याला त्रास नको. हत्तरगे दारात थांबले.

"सुमंगला, ते पाणी..."

तिनं वर पाहिलं. त्यांचा चेहरा बघून तिला कळलं असावं.

"मूतखडा झालाय, सर. दोनदा दवाखान्यात राहून आले. डॉक्टर म्हणतात, दिवसभर पाणी पीत राहा. ते इथं जमत नाही. बाथरूम खाली आहे."

"कधी बोलली नाहीस."

"कुणाला बोलणार? तुम्ही सगळे आधी माझ्या पाया पडता. पाया पडणाऱ्या चार माणसांना हाका मारून काय सांगू? आणि दिवसातून किती वेळा?"

हत्तरग्यांना लाज वाटली. तीस वर्षं मास्तरकी करून त्यांना एवढी लाज कधी वाटली नव्हती. सोमवारचं प्रवचन आठवलं आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"नोकरी सोडून काय करशील?"

"ते अजून आईला सांगायचंय," ती म्हणाली.

खालून पंगतीची भांडी उचलल्याचे आवाज येत होते.

"काय केलं तर राहशील?"

तिनं खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"विचारताय की समजूत काढताय?"

"विचारतोय."

"मागं धान्याची कोठी आहे. हातगाडी आत जावी म्हणून तिच्या दाराला उतार केलाय. मी एका रविवारी येऊन पाहिलं. एकटी वर गेले, एकटी खाली आले. शेजारच्या बाथरूमच्या दारातून खुर्ची जाते, फक्त उंबरा काढावा लागेल. पण एकटं माझं टेबल तिथं नको, सर. मला कोपऱ्यात बसवल्यासारखं होईल. ऑफिसच तिथं यायला हवं. येणाऱ्या पालकांनाही बरं पडेल, त्यांतही गुडघे धरून जिना चढणारे असतातच."

थोडं थांबून ती म्हणाली, "पोत्यांसाठी उतार केलाय, सर. बरीच वर्षं झाली."

आवाजात राग नव्हता. असता तर हत्तरग्यांना सोपं गेलं असतं.

ते खाली आले आणि अप्पांसमोर बसले.

"राहीन म्हणते. ऑफिस कोठीत न्यायचं म्हणते."

"मग?"

"कोठीत ऑफिस, अप्पा... लोक काय म्हणतील?"

अप्पांनी पुढची शेंग घेतली. हत्तरग्यांनीच मान हलवली.

"न्यायचं," ते म्हणाले. "गवंड्याला आजच निरोप धाडतो. उंबरा काढेपर्यंत तिला घरून काम करू दे. पण कोठीतली पोती कुठं ठेवायची?"

"वर जागा रिकामी होईल की."

"जिन्यावरून पोती चढवायची?"

"हं..."

हत्तरगे उठले. दोन पावलं गेले आणि परत वळले.

"आणि ती सेवेची माणसं, अप्पा? उद्या सकाळी नेहमीसारखी येऊन उभी राहतील. नवस बोललेली आहेत. त्यांना काय सांगू?"

अप्पांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"पोती उचला म्हणावं. पोत्यांना तहान लागत नाही."