गोंदण पुसणारं पेन

एका बाजारच्या गावात एक फोटोवाला होता. त्याचं नाव भालचंद्र तांबट. लग्नाचे, बारशाचे फोटो तो काढीच, पण त्याचा हातखंडा वेगळ्याच कामात होता. गावात कुणी वारलं की तेराव्याला हार घालायला फोटो लागतो, आणि जुन्या बायामाणसांनी तर जन्मात कधी एकटीने फोटो काढून घेतलेला नसतो. मग घरचे लोक कुठल्यातरी लग्नातला घोळक्याचा फोटो आणून त्यातल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवत. भालचंद्र तो चेहरा कापून घेई, मोठा करी, हिरव्या शालूवर बसवी, मागे निळं आभाळ लावी आणि फ्रेम करून देई. शालू सगळ्यांना एकच. आभाळही एकच.

हे सगळं तो माउसने करायचा, त्यामुळे काम रेंगाळायचं. एकदा तालुक्याच्या फोटोवाल्याकडे त्याने एक फ्रेम पाहिली आणि तो थक्कच झाला. ऐंशीच्या म्हातारीच्या तोंडावर औषधाला सुरकुती नव्हती!

"हे केलंस कसं?" त्याने विचारलं.

"ग्राफिक्स टॅबलेट," तो म्हणाला. "पाटी आणि पेन. पाटीवर पेन फिरवायचं, की फोटोवर फिरतं."

भालचंद्राला तेवढंच पुरलं. दुसऱ्याच दिवशी तो शहरातल्या दुकानात हजर झाला. विक्रेता सरळ माणूस होता. काम कसलं ते ऐकून त्याने एक लहानशी पाटी पुढे ठेवली. "फोटोच्या कामाला ही भरपूर झाली. पेन हलकं टेकवलंत तर बारीक रेघ, दाबलंत तर जाड. फक्त हात बसवावा लागेल."

भालचंद्राचं लक्ष होतं कुठे? त्याचे डोळे काचेच्या कपाटातल्या मोठ्या पाटीला चिकटले होते. फोटो थेट तिच्यावरच दिसत होता आणि कडेला बटणांची रांग होती.

"ते राहू द्या," तो म्हणाला. "सगळ्यात लवकर पुसतं कुठलं, ते सांगा."

विक्रेता बघतच राहिला. रेघ कशी उमटते हे विचारणारे त्याला रोज भेटत. पुसतं कसं, हे विचारणारा पहिलाच. "पुसायचं तर सगळ्यांवरच पुसता येतं, साहेब," तो म्हणाला. "पेनाला त्याचं काय?"

भालचंद्राने मोठी पाटी घेतली. एका बटणावर चेहरा गुळगुळीत करायची युक्तीही तिथेच लावून घेतली. लहान पाटीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

झालं! माकडाच्या हाती कोलीत मिळालं. भालचंद्राने सुरकुत्या पुसल्या, डाग पुसले, तीळ पुसले. तिरपे डोळे सरळ केले, काळे रंग गोरे केले. गाव तोंडात बोट घालून बघायला लागलं, आणि भालचंद्राला आभाळ ठेंगणं झालं.

अशात एकाच आठवड्यात गावातल्या दोन बायका वारल्या. एक कापडवाले आनंदराव पेठकर यांच्या आई, हौसाबाई. दुसरी म्हादबा सुताराची बायको, सुंद्राबाई. दोन्ही घरचे फोटो आले. भालचंद्राने एकाच बैठकीत दोघींचा निकाल लावला, फ्रेमा कागदात गुंडाळल्या आणि ठेवून दिल्या. पेठकरांची फ्रेम त्यांचा गडी घेऊन गेला.

हौसाबाईंच्या तेराव्याच्या सकाळी म्हादबा आपली फ्रेम न्यायला आला. त्याने कागद सोडला. फ्रेम जवळ धरली, लांब धरली.

"ही कोन?" त्याने विचारलं.

भालचंद्राला हसू आलं. "कोण म्हणजे? तुमची मालकीण!"

"आमच्या हिचा डावा डोळा बारीक व्हता."

"तो मी नीट केला."

"कानाची पाळी फाटल्याली व्हती."

"तीही सांधली."

"आन् कपाळावरचं गोंदान?"

"ते पुसलं. बघा कशी देवीसारखी दिसतेय!"

म्हादबाने फ्रेम खाली ठेवली. "सगळंच काडलंस," तो म्हणाला, "मंग ऱ्हायलं काय तिचं?"

म्हातारं माणूस दुःखाने भ्रमिष्ट झालंय, असं भालचंद्राला वाटलं. खात्री पटवावी म्हणून त्याने संगणकावर सुंद्राबाईचा आपण तयार केलेला फोटो उघडला, फ्रेम शेजारी धरली आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. पडद्यावरच्या बाईचं नाक बसकं होतं. फ्रेममधल्या बाईचं नाक धारदार. शालू तोच, आभाळ तेच, रंग तोच, डोळे तेच. पण ही सुंद्राबाई नव्हती. ही हौसाबाई होती! ज्याने दोघींचे चेहरे घडवले त्यालाच त्या ओळखता आल्या नव्हत्या.

मग सुंद्राबाई कुठे होती? ती पेठकरांच्या भिंतीवर होती, हार घालून.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. सुंद्राबाईचा दुसरा फोटो छापून म्हादबाला दिला असता, तर कुत्र्यालाही पत्ता लागला नसता. पेठकर पिढ्यान्‌पिढ्या सुताराच्या बायकोला नैवेद्य दाखवत राहिले असते. भालचंद्राच्या मनात ते येऊनही गेलं.

"मंग माझी सुंद्री हाय कुटं?" म्हादबाने विचारलं.

त्या प्रश्नापुढे भालचंद्राला बसवेना. त्याने फ्रेम काखेत मारली आणि तो निघाला. मागून म्हादबा.

पेठकरांकडे पानं वाढली जात होती. उदबत्त्यांचा धूर भरला होता. सुना एकेक करून फोटोपुढे वाकत होत्या. आनंदरावांचे वडील दृष्टी गेलेले, ते भिंतीकडे तोंड करून हात जोडून बसले होते.

"या, या!" आनंदराव म्हणाले. "काय फोटो केलाय! आई आत्ता बोलेल असं वाटतं."

भालचंद्राने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "आनंदराव," तो म्हणाला, "या तुमच्या आई नव्हेत."

वाढणाऱ्यांचे हात जागच्या जागी थांबले. आनंदराव फोटोजवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. "मी पोटचा पोरगा," ते पुटपुटले, "आणि मला कळलं नाही?"

तेवढ्यात उंबऱ्यातून म्हादबाने मान पुढे काढली. "अगं, तू हितं व्हय?" तो म्हणाला. मग भालचंद्राकडे वळला. "नाक तेवढं ऱ्हायलंय बघ तिचं."

भालचंद्राला त्या जागी धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

त्याच दुपारी त्याने दोन्ही घरचे मूळ फोटो पुन्हा काढले आणि म्हादबाला शेजारी बसवलं. डोळा तसाच ठेवला, पाळी तशीच ठेवली. पण घोळक्याच्या जुन्या फोटोत गोंदण पार पुसट आलं होतं. म्हादबा बोटाने दाखवत गेला, "हितं ठिपका. हितं, जरा खाली." भालचंद्राने पेन अगदी अलगद टेकवलं. बारीकसा हिरवा ठिपका उमटला. आपल्या पेनाला हलका हातही कळतो, हे त्याला तेव्हा समजलं.

संध्याकाळी आनंदराव स्वतः आले. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "आईच्या हनुवटीवर एक चामखीळ होती. तेवढी परत ठेवा."

म्हादबा फ्रेम घेऊन दारात उभा होता. त्याने उपरण्याने काच पुसली, फोटोकडे पाहिलं आणि म्हणाला, "चल घरी."

तात्पर्य: हत्यार काय काय करू शकतं ते दुकानदार सांगेल, आपण त्याने काय करायचं नाही, हे मात्र घरूनच ठरवून निघावं.