मधमाश्यांचा वाटा

ढग जिथे डोंगराच्या खांद्यावर डोकं टेकून निजतात, तिथल्या रानाकाठी एक खोपटं होतं. खोपट्यात सोनकी आणि तिचा बा. आई देवाघरी गेलेली. चुलीवर कधी नाचणीची पेज, कधी नुसतंच आधण. सोनकी दिसायलाही गवतातल्या पिवळ्या सोनकीच्या फुलासारखीच, इवलीशी आणि हसरी.

बा रानातला मध काढी. झाडावर चढण्याआधी तो हात जोडून म्हणे, "मायांनो, तुमचा वाटा ठेवून नेतो." आणि पोळ्याचा एक तुकडा खरंच मागे ठेवी. गावात सगळे तसंच करत. तरी माश्या चावायच्या त्या चावायच्याच. बा घरी येई तो डोळे सुजून, ओठ फुगून. सोनकी त्याच्या गालाला हळद लावी आणि पाठ फिरवून रडे.

त्या वर्षी कारवी फुलली. सात वर्षांतून एकदाच फुलते ती, ठाऊक नसेल तर आता ऐकून ठेवा. सगळा डोंगर जांभळा झाला. पाकळीपाकळीवर दवाचे मोती, मोत्यामोत्यात चिमुकला सूर्य. कारवीच्या मधाला मोल फार. वर्षभराची नाचणी त्यात येई.

फुलांमधून जाताना सोनकीला कोळ्याच्या जाळ्यात काही लुकलुकताना दिसलं. तिने ते अलगद सोडवलं. ती परी होती, बोटाएवढी, माशीच्या पंखांसारखे पारदर्शक पंख असलेली.

"एक मागणं माग, बाळ," परी म्हणाली. "नको वाटलं तर परत घेता येईल. पण परत घेताना पहिला घाव तुझ्या अंगावर बसेल. आणि जे उडून गेलं, ते मी बोलावून आणणार नाही."

सोनकीने पुढचं धड ऐकलंसुद्धा नाही. "या रानातल्या मधमाश्यांचा डंख काढून घे," ती म्हणाली. "माझ्या बाला दुखतं."

परीने पंख झटकले आणि रानावर सोनेरी भुकटी पसरली.

दुसऱ्या दिवशी बा हसत घरी आला. चेहऱ्यावर एक फोड नाही. सोनकी आनंदाने नाचली. पण ही गोष्ट लपते कुठे? माश्या चावत नाहीत म्हटल्यावर गाव काठ्या, घागरी, टोपल्या घेऊन रानात शिरलं. ज्यांनी जन्मात मोहोळाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, तेही फांद्यांना लोंबकळू लागले. शेजारच्या राहीआत्याने तर अख्खं पोळं टोपलीत घातलं आणि सोनकीच्या हातावर एक तुकडा ठेवत म्हणाली, "खा गं. तुझ्या बासारखी हात जोडत बसू नकोस."

सोनकीने तो तुकडा खाल्ला नाही. भूक तर पोटात गुरगुरत होती. जांभळीच्या झाडाच्या ढोलीत तिने तो हळूच ठेवला आणि पुटपुटली, "मायांनो, तुमचा वाटा."

थोड्याच दिवसांत रान मुकं झालं. गांधीलमाश्यांनी उरलीसुरली पोळी लुटली. बिनडंखाच्या माश्या काय करणार? त्या थव्याथव्याने डोंगरापलीकडे निघून गेल्या. कारवी फुललेली, मध गोळा करायला कुणी नाही.

संध्याकाळी बाने मोठा दोर काढला. पलीकडच्या उभ्या कड्यावर मोहोळं आहेत, उद्या तिकडे उतरतो, म्हणाला. त्या कड्यावर त्याचा बापही कधी उतरला नव्हता.

"पण आता तर त्या चावत नाहीत," सोनकी रडवेली होऊन म्हणाली. "मग सगळं असं का झालं?"

बा दोराला गाठ मारत राहिला. "डंख होता, तोवर वाटा होता, पोरी."

सोनकी दिवस मावळायच्या आत कारवीत धावली. सुकत चाललेल्या फुलावर परी बसली होती. "मागणं परत घेते," म्हणत सोनकीने तळहात पुढे केला.

कुठूनशी एक माशी आली आणि तिचा पहिला डंख तळहातावर निखाऱ्यासारखा बसला. सोनकीने दात आवळले. मग ती विचारती झाली, "गेलेल्या परत येतील?"

"ते माझ्या हाती नाही," परी म्हणाली. "पण तू ठेवलेल्या वाट्यावर ओंजळभर जगल्या. ढोलीत बघ."

एवढं म्हणून ती उजळत गेली, आधी दवाएवढी, मग मावळत्या सूर्याएवढी, आणि त्या उजेडातच विरून गेली.

ढोलीत नारळाच्या करवंटीएवढं पोळं गुणगुणत होतं. सोनकीने बाला हाताला धरून आणलं. ते पाहून त्याने दोर खांद्यावरून उतरवला. आता कड्यावर जायचं नाही, हे राखायचं, म्हणाला. त्या वर्षी दोघांनी मोळ्या विकून, रानभाज्या खाऊन दिवस काढले. कारवी मधावाचून सुकली. तो बहर कुणाला परत आणता आला नाही.

कारवी पुन्हा फुलली तेव्हा सोनकी मोठी झाली होती आणि रान पुन्हा गुणगुणत होतं. झाडावर तीच चढे. तिच्या तळहातावर डंखाच्या जागी सोनेरी ठिपका होता. माश्या त्यावर येऊन बसत, चावत मात्र नसत. ती आधी हात जोडी, आणि वाटा ठेवताना नेहमी थोडा जास्तच ठेवी, गेलेल्यांचाही.