गुडघ्याएवढी ट्रॉली

घाटाखालच्या एका गावात केरबा नावाचा मिस्त्री राहत होता. घरांवर स्लॅब टाकायचा त्याचा धंदा. बारा माणसांची टोळी, काँक्रीट कालवायचा एक मिक्सर, ते दाबून बसवायचा एक व्हायब्रेटर, फावडी, घमेली आणि फळ्या, एवढा त्याचा पसारा. हात कसबी होता, कामात खोट नव्हती. पण स्वभाव असा धास्तावलेला, की स्लॅबच्या आदल्या दिवशी त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

धास्तीला कारणही होतं. स्लॅब एकदा सुरू केला की मध्ये थांबता येत नाही. सकाळी नारळ फुटला की शेवटचं घमेलं पडेपर्यंत माल कालवत राहावं लागतं. खंड पडला तर आधीचा माल घट्ट होतो, नवा त्याला नीट धरत नाही, आणि त्या सांध्यातून पाणी झिरपतं. अन् केरबाचं सगळं सामान वाहायचा तो रमजानचा भाड्याचा टेम्पो. रमजान कधी वेळेवर यायचा, कधी उन्हं वर आल्यावर. तोवर केरबा रस्त्याकडे डोळे लावून उभा असायचा, आणि दर दोन मिनिटांनी चंद्राक्काला विचारायचा, टेम्पोचा आवाज येतोय का.

चंद्राक्का म्हणजे टोळीतली सगळ्यांत जुनी बाई. मिक्सर चढवताना आणि उतरवताना पुढची बाजू नेहमी तिच्या हातात असे. तो कुठं झुकतो, कुठं हात घालायचा नाही, हे तिला न बघता कळे.

शेवटी केरबाने ठरवलं, आपली स्वतःची गाडी घ्यायची. ठरवलं खरं, पण जिवाला नवा घोर लावून घेतला. तालुक्याला एका दुकानात वापरलेली बंद व्हॅन होती, पांढरीशुभ्र, कुलूप लागणारी. पलीकडे एका वेल्डरकडे जीपला मागे जोडायची ट्रॉली करून मिळत होती, आणि जुनी जीप केरबाच्या दारात होतीच. ट्रॉली घेतली तर लोक काय म्हणतील? व्हॅन घेतली आणि बंद पडली तर? ट्रॉलीतलं सामान कुणी पळवलं तर? भर घाटात ट्रॉली सुटली तर? पंधरा दिवस हेच चाललं होतं. त्याने मेव्हण्याला विचारलं, सरपंचाला विचारलं, केस कापून घेता घेता न्हाव्यालाही विचारलं. ज्यांनी जन्मात घमेलं उचललं नव्हतं, त्या सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं, व्हॅनच घे. मेव्हणा म्हणाला, व्हॅनवर नाव रंगवता येतं. तिथं केरबा विरघळला.

तसा तो बेसावध नव्हता. सुतळी घेऊन त्याने मिक्सरची लांबी, रुंदी, उंची तीनतीनदा मापली. व्हॅनमध्ये शिरून तीच सुतळी लावून बघितली. माप बसत होतं. चंद्राक्का एवढंच म्हणाली, "मिस्त्री, मिक्सर येकदा तिथं न्हेऊन चढवून बघूया की." केरबाने साफ नकार दिला. पूजा व्हायच्या आधी नव्या गाडीत लोखंड ठेवायचं नाही, हा त्याच्या बापापासूनचा नेम होता. ठेवलं तर गाडी जन्मभर दुरुस्तीला उभी राहते, असं बाप म्हणायचा. व्हॅन विकत घेऊन दारात आणली, आणि पूजेचा मुहूर्त केरबाने कुठला धरावा? सुगंधाबाईंच्या नव्या घराच्या स्लॅबच्या दिवशीचा, सकाळचा. शुभ कामाला शुभ काम जोडलं म्हणून तो स्वतःवरच खूश होता. रमजानला त्याने जरा तोऱ्यातच सांगून टाकलं, की आता तुझी गरज नाही.

सुगंधाबाई घाटावरच्या गावात बालवाडी चालवत. पत्र्याच्या गळक्या घरात त्यांनी वीस पावसाळे काढले होते. आता नव्या भिंती उभ्या होत्या, सळई बांधून झाली होती, आणि स्लॅबच्या दिवसाचं जेवण म्हणून चाळीस माणसांचा स्वयंपाक चुलीवर चढला होता.

त्या सकाळी व्हॅनला हार पडला, चाकाखाली लिंबू चिरडलं. मग मिक्सर आणला. तेव्हा कुठं केरबाच्या लक्षात आलं, की रमजानचा टेम्पो वरून उघडा असायचा, दोन माणसं वर उभी राहून दोरीने ओढायची. इथं छपराखाली उभं राहायलाच जागा नव्हती. जे काही ढकलायचं ते खालूनच. फळ्या लावल्या, आठ जणांनी रेटा दिला. मिक्सर वर सरकला आणि दाराच्या वरच्या पट्टीला अडला. आतली उंची बरोबर होती, दार चार बोटं कमी होतं. केरबाने सुतळी आत लावली होती, दाराला लावायची राहिली होती.

वाकडा करून घाला, असं केरबा म्हणाला. वाकडा केला. फळी सरकली, मिक्सर धाडकन मागे आला आणि चंद्राक्काचा गुडघा सोलून निघाला. पदराने रक्त पुसून तिने पुन्हा मिक्सरला हात घातला. ते पाहून केरबाला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून भीती जास्त वाटली. उन्हं चढत होती. मिक्सरची चाकं जागेवर ढकलण्यापुरतीच, घाटातून ओढत नेला तर ती टिकली नसती. रमजान दुसऱ्याचं भाडं घेऊन गेला होता. दुसरं वाहन मिळेपर्यंत दुपार झाली असती, आणि मग अंधाराच्या आत स्लॅब पुरा झाला नसता.

भ्यालेल्या केरबाला पळवाट मात्र लगेच सुचली. माणसं, फावडी आणि घमेली व्हॅनमधून न्यायची. माल हाताने कालवायचा. अर्धा आज, अर्धा उद्या. मध्ये सांधा पडेल, पण खालून गिलावा केला की कुणाला दिसतोय? सुगंधाबाईंना त्यातलं काय कळतंय? नारळ ठरल्या वेळी फुटेल, जेवण होईल, आणि नव्या व्हॅनची फजिती चारचौघांत होणार नाही. एवढं ठरवूनही त्याचं मन धजेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याने चंद्राक्काचं मत विचारलं.

"अक्का, हातानं कालवून दोन दिवसांत उरकला तर? खालनं गिलावा केला की कुणाला दिसायचं न्हाई."

चंद्राक्का गुडघ्याला चिंधी बांधत होती. ती म्हणाली, "माणसाला दिसायचं न्हाई, मिस्त्री. पाण्याला दिसतंय."

केरबाने टोळीला थांबायला सांगितलं. मग रिकामी व्हॅन घेऊन तो एकटाच घाट चढला. वाटभर शब्द जुळवत होता. गाडी बिघडली म्हणावं, का मिक्सर बिघडला म्हणावं? सुगंधाबाईंच्या दारात पोचला, तेव्हा पाटावर नारळ आणि हळदकुंकू मांडून ठेवलं होतं. ते बघून जुळवलेलं सगळं त्याने सोडून दिलं.

"बाई, गाडी मी चुकीची घेतली," तो म्हणाला. "मिक्सर तिच्यात बसला नाही. आज सुरू केला तर अर्धाच होईल, आणि अर्धा टाकलेला स्लॅब गळतो. मी उद्या येतो."

सुगंधाबाईंनी चुलीवरच्या पातेल्यांकडे पाहिलं. आता बाई दुसरा मिस्त्री बघतील, गावोगाव सांगतील, बारा माणसांच्या पोटावर पाय येईल, असं सगळं केरबाला दिसू लागलं.

"गळक्या घरात वीस वर्षं काढली, मिस्त्री. एक दिवस काय जड आहे?" बाई म्हणाल्या. "जेवण मात्र आज शिजलंय. टोळीला घेऊन या."

टोळी व्हॅनमधून आली आणि पोटभर जेवली. तेवढ्या कामाला व्हॅन उत्तम निघाली. परतल्यावर केरबाने रमजानचे हात धरले. रमजानने आधी चार शब्द सुनावले, आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला टेम्पो दारात आणून उभा केला. स्लॅब एका दमात पडला.

पुढच्या आठवड्यात दुकानदाराची बोलणी खाऊन केरबाने व्हॅन परत केली आणि तो वेल्डरकडे गेला. या खेपेला बरोबर मेव्हणा नव्हता, चंद्राक्का होती. मिक्सरही टेम्पोत घालून आणला होता. वेल्डरने विचारलं, ट्रॉलीचा तळ जमिनीपासून किती उंच ठेवू? केरबाच्या खिशात सुतळी होती. त्याने ती काढली नाही.

"अक्का, तू सांग," तो म्हणाला.

चंद्राक्का जरा लाजली. मग खपली धरलेल्या गुडघ्याशी हात आडवा धरून म्हणाली, "हितपत्तुर."

वेल्डरने जमिनीपासून तिच्या हातापर्यंत टेप लावला आणि तो आकडा खडूने भिंतीवर लिहून घेतला.

तात्पर्य: ओझं ज्याच्या हातांनी उचललं जाणार, त्याला आधी विचारावं, आणि विचारायचं राहून चूक झालीच, तर ती गिलाव्याखाली झाकू नये, आपल्या तोंडाने सांगावी.