मेरुमणी

“अक्का, मठात बारीक चिमटा आहे का?”

जयेंद्र दारातच उभा होता. हात कोपरापर्यंत ओले.

त्याच्या गुरू रेणाक्का वाती वळत होत्या. “कशाला रे?”

“गोटूनं मणी गिळला. माझ्या माळेचा... मेरुमणी.”

गोटू म्हणजे जयेंद्रचा अ‍ॅक्सोलोटल. पाण्यात राहणारा, चार पायांचा, मानेशी पिसांसारखे कल्ले असलेला जीव. घर सोडून मठात येताना जयेंद्रनं सगळं मागं ठेवलं, ही काचेची टाकी तेवढी आणली. टाकीला टेकूनच तो जपाला बसायचा. येणारे-जाणारे थांबून बघायचे. गोटूला की जयेंद्रला, कोण जाणे. आपल्यालाच, अशी जयेंद्रची समजूत मात्र पक्की होती.

त्या सकाळी माळेचा दोरा तुटला. बाकीचे मणी मांडीवर पडले; मेरू, जिथं माळेचा फेरा संपतो तो मोठा मणी, पाण्यात. हलतं ते खाणं, एवढंच गोटूला ठाऊक.

अक्का टाकीपाशी आल्या. गोटू तळाशी निपचित पडला होता. त्याच्या तोंडाची ठेवणच हसरी. दुखत असलं तरी दिसणार तसंच.

“डॉक्टरांना विचारलंस?”

“फोन केला. म्हणाले, हात घालू नका. पाणी गार ठेवा, खायला देऊ नका, बहुतेक आपोआप पडेल. पोट फुगलं किंवा तरंगायला लागला तर लगेच घेऊन या.”

“मग चिमटा कशाला?”

जयेंद्र ओले हात पुसू लागला.

“कुणाला वाचवायचंय तुला?”

“गोटूला.”

अक्का बघत राहिल्या.

“...उद्या पौर्णिमा आहे, अक्का. माझं अनुष्ठान उद्या पुरं व्हायचंय. तुम्ही दिलेली माळ, त्याच माळेवर संकल्प सोडलाय. मेरूशिवाय जप कसा करू? खंड पडेल!”

अक्कांनी स्वतःच्या गळ्यातली माळ काढून त्याच्या हातात दिली.

“कर जप.”

तो तिथंच बसला. डोळे मिटले. माळ फिरू लागली. अक्का पुन्हा वाती वळू लागल्या...

बऱ्याच वेळानं त्याच्या बोटांना मेरू लागला. हात थांबला, माळ उलटी फिरली.

“का फिरलास?”

जयेंद्रनं डोळे उघडले. लहान पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट अक्का काय विचारतात?

“मेरू आला. तो ओलांडायचा नसतो.”

“आणि तुझा मेरू कुठाय आता?”

त्यानं टाकीकडं पाहिलं.

बराच वेळ पाहिलं... मग माळ अक्कांच्या पायाशी ठेवली. उठला. खांद्यावरची भगवी छाटी काढली, रांजणातल्या पाण्यात भिजवली आणि टाकीला बाहेरून गुंडाळली. जपाला बसताना ज्या छाटीची घडी तो मोडू देत नसे, तीच ही.

पौर्णिमा आली आणि गेली. जयेंद्र टाकीपासून हलला नाही. छाटी कोरडी झाली की भिजवायची, पोट फुगलंय का बघायचं, पुन्हा बसायचं. ओठ हलत नव्हते. कुणी थांबून बघितलं तरी त्याला कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो अक्कांसमोर आला. तळहातावर धुतलेला मणी होता.

“पडला, अक्का.”

“आणि तो?”

“गांडूळ खाल्लं.” एवढं सांगताना त्याला रडू आलं. अक्कांनी ते येऊ दिलं.

मग डोळे पुसून तो म्हणाला, “पण माझं अनुष्ठान मोडलं. पौर्णिमेला एकदाही नाव घेतलं नाही मी. सुचलंच नाही... आता पुन्हा कधी सुरू करू?”

अक्का उठल्या. टाकीपाशी जाऊन छाटीवरून हात फिरवला.

“वाळत आलीय. भिजव आधी... खंड पडेल.”