बुलबुलाची गोड मिरची

फार वर्षांपूर्वी, पाखरं आणि खारी एकमेकांशी बोलायच्या तेव्हा, सरसाबाईंच्या परसात लवंगी मिरचीचं झुडूप लालभडक लगडलं होतं. एक बुलबुल रोज येऊन मिटक्या मारत मिरच्या खायचा. पाखरांना तिखट लागत नाही, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

"कशी आहे रे?" खारूताईने विचारलं.

"गोड!" बुलबुल म्हणाला.

खारीने अख्खी मिरची तोंडात कोंबली आणि तिची शेपटी ताठ उभी राहिली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण एवढंसं पाखरू खातं, मग आपण हरलो म्हणायचं कसं? इतक्यात उंदीरमामा आले.

"खारूताई, रडतेस का?"

"गोडच इतकी आहे, मामा! घ्या ना."

मामांनी घेतली. ते कानापर्यंत लाल झाले, तीनदा स्वतःभोवती फिरले आणि मग मिशा सावरत म्हणाले, "वा! अजून असत्या तर मजा आली असती."

हे ऐकून बुलबुलाला भारी आनंद झाला. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने पिकलेल्या मिरच्या तोडून दोघांच्या दारात एकेक ढीग रचला.

"अजिबात संकोच करू नका," तो म्हणाला, "तुमचं खाऊन होईपर्यंत मी इथेच बसतो."